हजार प्रतींच्या गायकाला 'कारकीर्द' असते का?

तबकडी: सिएटलचा पॅट्रिक हॅगर्टी. १९७३ मध्ये 'लॅव्हेंडर कंट्री' या बँडचा त्याच नावाचा आल्बम, उघडपणे समलैंगिकांच्या जगण्यावरची कंट्री गाणी. प्रती १०००. १९७६ मध्ये बँड मोडला. २०१४ मध्ये आल्बम पुन्हा निघाला आणि लोक या 'अज्ञात' गायकाच्या 'कारकिर्दी'वर लिहू लागले. गाणी झकास आहेत, वाद नाही. पण एका आल्बमची कारकीर्द?

खरखर: १००० ला कमी का समजता? लॅकर (ज्यात गाण्याच्या खाचा पहिल्यांदा कोरतात ती मऊ लेपाची तबकडी) कापणं आणि त्यावरून धातूचा साचा काढणं, हा खर्च १०० प्रतींना आणि १००० प्रतींना तेवढाच. एक स्टँपर, म्हणजे प्रती दाबायचा साचा, साधारण हजारेक प्रती नीट देतो. म्हणजे स्टँपर पुरता वसूल झाला! पैसे सिएटलच्या समलैंगिकांसाठीच्या एका समाजसेवी संस्थेने उभे केले, विक्री समलैंगिकांच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन टपालाने. त्या काळी कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या कुठल्या कंपनीने हे छापलं असतं?

तबकडी: सगळ्या खपल्या ना? मग दुसरी आवृत्ती का नाही?

सुईवाला: याच रेकॉर्डचं सांगत नाही, पण छोट्या कामात बहुधा 'मदर', म्हणजे ज्यावरून आणखी स्टँपर काढता येतात ती मधली धातूची तबकडी, काढतच नाहीत. लॅकरवरून निघालेला पहिला धातूचा साचाच स्टँपर म्हणून वापरतात. तो झिजला की पुन्हा कटिंगपासून सुरुवात.

मात्र 'अज्ञात' म्हणायला हॅगर्टी चुकीचा माणूस. खरे अज्ञात म्हणजे सिनसिनाटीच्या 'राइट'सारख्या कारखान्यात टेप पाठवून रेकॉर्ड छापून घेणारे. लेबलवर गायकाने स्वतःच ठेवलेलं कंपनीचं नाव, झोकदार. रेकॉर्ड तिरकी धरून लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी उजेडात बघा: तिथे कारखान्याचा नंबर कोरलेला असतो, दोन्ही बाजूंचे नंबर बहुधा लागोपाठचे. गायकाने तारीख छापली नसली तरी साल त्यावरूनच काढतात.

या लोकांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे '४५'च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड) एका बाजूत पाच-पाच मिनिटं कोंबणं. खाचा जवळ येतात, आवाज खाली ठेवावा लागतो, खरखर वर येते. एलपीतही (मोठ्या रेकॉर्डमध्ये) सुईखालचा वेग कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंमी, तर आत लेबलाजवळ जेमतेम २१; वेग कमी, तेवढा जोरकस आवाज फाटायचा धोका जास्त. म्हणून जाणकार माणूस जोरकस गाणं आधी आणि संथ गाणं शेवटी ठेवतो. हौशी माणूस नेमकं उलटं करतो आणि शेवटच्या गाण्यात 'स' फाटतो.

खरखर: कारकिर्दीचं राहिलंच. मधल्या काळात हॅगर्टी राजकारण करत होता, निवडणुकाही लढला. पुढे वृद्धांसमोर जुनी कंट्री गाणी म्हणायचा. २०१९ मध्ये दुसरा आल्बम, 'ब्लॅकबेरी रोझ', तोही आधी स्वतःच काढलेला. २०२२ मध्ये गेला.

तबकडी: बरं, दोन आल्बम, मधे ४६ वर्षं. याला 'चिकाटी' म्हणा, मी सही करतो.

सुईवाला: ज्यांचं एकच ४५ निघालं आणि तेही गाडीच्या डिकीतून विकलं गेलं, त्यांना काय म्हणणार?

तबकडी: त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा. नंबरांसकट.