स्पितीत ४,३०० मीटर उंचीवरच्या गावात हिवाळाभर राहायचे आहे: यजमानांवर भार न होता कसे राहावे?

सांजवारा:

नमस्कार. ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, काझाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान गावात मी राहणार आहे. गावाची उंची सुमारे ४,३०० मीटर आहे. शेती आणि पाणीवाटपाच्या जुन्या पद्धती वृद्धांच्या तोंडून ऐकून नोंदवून ठेवायच्या, हे माझे काम. उन्हाळ्यात तिथे कोणालाही बसून बोलायला सवड नसते, म्हणून हिवाळा निवडला आहे. गावातील एका कुटुंबाने मला घरी ठेवून घेण्याचे कबूल केले आहे.

थंडीचे कपडे, बूट, झोपण्याची पिशवी यांची माहिती मी जमवली आहे. माझी चिंता निराळी आहे. ज्या घरात पुढच्या सहा महिन्यांची बेगमी मोजून भरलेली असते, तिथे एक परका माणूस येऊन राहिला तर नेमका कशावर ताण पडतो, आणि तो कमी करण्यासाठी मी काय करू शकतो, हे तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

पाणवठा:

तुमचा प्रश्न फार आवडला, कारण तिकडे जाणारे बहुतेक जण स्वतःला थंडी किती वाजेल एवढेच विचारतात. मी त्याच पट्ट्यातील एका गावात दोन हिवाळे काढले आहेत. माझ्या अनुभवाने सांगतो, ताण सर्वांत आधी पाण्यावर पडतो, मग सरपणावर आणि त्यानंतर अन्नावर.

नोव्हेंबर सरता सरता नळ गोठतात. त्यानंतर गावाबाहेरच्या एखाद्या जिवंत झऱ्यावरून पाणी आणावे लागते. हे काम बहुधा घरातील बायका करतात, आणि ते करताना वाटेवर सांडलेल्या पाण्याचा काचेसारखा थर साचलेला असतो. झरा आटला किंवा वाट बुजली तर बर्फ वितळवावा लागतो. ताजा भुसभुशीत बर्फ बादलीभर घेतला, तर वितळल्यावर तळाशी जेमतेम दहावा हिस्सा पाणी उरते, आणि तेवढ्यासाठीही जळण खर्ची पडते. म्हणून तुमच्या वापराचे पाणी तुम्हीच आणा, असे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. घरातील आजी संकोचाने नको म्हणतील, तरी आणा. आंघोळ पंधरा दिवसांतून एकदा झाली तरी कोणी नावे ठेवत नाही.

सरपणाचे गणित याहून कडक आहे. त्या उंचीवर झाडे जवळपास नसतातच. शेणाच्या गोवऱ्या, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, डोंगरावरची काटेरी झुडपे आणि खालून विकत आणलेली थोडी लाकडे, एवढ्यावर सगळा हिवाळा निघतो. झुडपांच्या मोळ्या आणि जनावरांचा चारा धाब्याच्या छपरावर कडेने रचलेला दिसेल. आपल्याला ती शोभा वाटते, पण ती त्या घराची शिल्लक असते. हिवाळ्यात सगळे कुटुंब बुखारी, म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी, असलेल्या एकाच खोलीत वावरते, तिथेच स्वयंपाक, झोपणे आणि सूत कातणे चालते. तुम्हाला लिहिण्यासाठी वेगळी खोली हवी असेल तर तिथे दुसरी बुखारी पेटवायला सांगू नका. त्याच खोलीचा एक कोपरा धरा. शिवाय ज्या गोष्टी ऐकायला तुम्ही चालला आहात, त्या तिथेच कानावर पडतील.

शौचालयाविषयी स्पष्ट लिहितो. तिथले पारंपरिक शौचालय कोरडे असते. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक असलेली खोली, एका कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग, त्या ढिगात उभे खोचलेले फावडे. प्रत्येक वेळी दोन फावडी माती टाकायची. खालच्या कोठीत जे साठते ते कुजून वसंतात शेतात जाते, आणि त्या हलक्या, रेताड जमिनीला त्याचा मोठा आधार असतो. त्यात पाणी, कागदी रुमाल किंवा प्लास्टिक चुकूनही टाकू नये. पर्यटनामुळे काही ठिकाणी फ्लशची शौचालये आली आहेत, आणि जिथे प्यायचे पाणी पाठीवरून आणावे लागते तिथे ती पाहून मला मनापासून वाईट वाटते.

दवाघर:

मी डॉक्टर आहे आणि उंचावरच्या आरोग्यशिबिरांत काम केले आहे. वरील प्रतिसादात बुखारीचा उल्लेख आला, तेव्हा आधी तिच्याविषयी. बंद खोलीत धुराड्याची नळी काजळीने चोंदली किंवा तिचा सांधा सैल झाला, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही त्याची लक्षणे आणि विरळ हवेची बाधा यांत फरक करणे कठीण जाते, त्यामुळे माणूस ‘उंचीमुळे होत असेल’ असे म्हणून पडून राहतो. खोलीतील दोघांतिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. हा वायू ओळखून भोंगा वाजवणारे छोटे यंत्र मिळते. ते घेऊन जा आणि परतताना त्या घरालाच देऊन या.

आता उंचीविषयी. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. मनालीकडून एका दिवसात ४,५०० मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडून जाण्यापेक्षा शिमला, किन्नौर, नाको, ताबो अशा वाटेने हळूहळू चढावे. हिवाळ्यात कुंझुम बंदच असते, पण ती उघडी असतानाही मी नवख्याला हीच वाट सुचवतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे, तिथे निदान तीन रात्री काढून मगच गावात जा. विरळ हवेची बाधा टाळण्यासाठीचे ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास ते त्यांना आधी सांगा.

बसल्या जागी दम लागणे, खोकला वाढत जाणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब खाली उतरायचे असते. मात्र बर्फाने रस्ता बंद झाला की हा उपाय तुमच्या हाती राहत नाही, आणि मग गावातील माणसांना जीव धोक्यात घालून तुम्हाला खाली न्यावे लागते. भार होऊ नये असे तुम्ही म्हणता, तर हा सर्वांत मोठा भार आहे. पहिल्या पंधरवड्यात तब्येत रुळली नाही, तर रस्ता उघडा आहे तोवर काम सोडून खाली येण्याची मनाची तयारी ठेवा.

यजमानांकडे पाहून स्वतःची बरोबरी करू नका. तिबेटी वंशाच्या लोकांत ईपास१ या जनुकाचे असे रूप आढळते, ज्यामुळे विरळ हवेतही त्यांचे हिमोग्लोबिन बेसुमार वाढत नाही आणि रक्त दाट होत नाही. २०१० साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. सत्तरीच्या आजोबांना छपरावरचा बर्फ ओढताना धाप लागत नाही, म्हणून आपणही पहिल्या आठवड्यात फावडे घेऊन चढणे धोक्याचे आहे.

सांजवारा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यंत्राचे माझ्या ध्यानीमनी नव्हते, ते नक्की घेतो. खाण्याबाबत काय करावे? पैसे देऊ केले तर त्यांना अपमान वाटेल का? आणि पाणीवाटपाविषयी सुरुवात कुठून करावी?

कूलकाठ:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझे काम त्याच विषयात झाले आहे. स्पिती पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे पावसावर शेती होत नाही. हिवाळ्यात डोंगरावर साचलेला बर्फ वितळून जे पाणी येते ते कूल, म्हणजे हाताने खोदलेल्या पाटांतून, शेतापर्यंत आणतात. रात्री झिंग नावाच्या तळ्यात ते साठवायचे आणि सकाळी ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे सोडायचे. सुरुवात पाळ्यांपासून करा. कोणत्या घराचा हक्क पहिला, तो कोणाकडून कोणाकडे आला, आणि बर्फ कमी पडलेल्या वर्षी पाळ्या कशा बदलल्या, हे विचारा. जव आणि काळा वाटाणा ही जुनी पिके. हिरवा वाटाणा नंतर आला. मैदानात वाटाणा नसतो त्या दिवसांत तो बाजारात पोहोचतो, त्यामुळे त्याला चांगला भाव मिळतो आणि घरात रोख पैसा येतो. पण वर्षाचे एकच पीक, आणि त्याच्या पाण्याची तजवीज हिवाळ्यातल्या बर्फावर. जानेवारीत आभाळ कोरडे राहिले की वृद्ध माणसे बोलता बोलता डोंगराकडे पाहू लागतात, हे तुम्हाला दिसेलच.

पाणवठा:

खाण्याविषयी: पैसे द्या, पण ते ठरलेल्या मुक्कामाचे म्हणून आधीच, घरातील कर्त्या बाईंच्या हाती द्या. मध्येच हातावर टेकवू नका. शिवाय तुमच्या वाट्याचे पीठ, तांदूळ, डाळ, तेल, चहा आणि साखर काझातून घेऊनच वर जा. डाळी लवकर शिजणाऱ्या निवडा. तिथे पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळते, आणि राजमा प्रेशर कुकरमध्येही पुष्कळ जळण खातो.

जमल्यास ऑक्टोबरअखेर न जाता सप्टेंबरच्या मध्यात पोहोचा. तेव्हा चारा कापून वाळवणे, गोवऱ्या गोळा करणे, मोळ्या छपरावर चढवणे ही कामे जोरात असतात. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आधी तब्येत रुळू द्या आणि मग या कामांत हात लावा. तुम्ही हिवाळाभर जेवढे जाळणार आहात, त्यातले थोडे तरी तुमच्या हातांनी छपरावर चढलेले असेल.