अनुभव धागा : वयात येणारी मुलं, बाबा आणि सावत्र बाबा

आईच्या दुसऱ्या लग्नानंतर वयात येणाऱ्या मुलांचं बाबांशी आणि सावत्र बाबांशी कसं जुळलं, कुठे अडलं? अशा घरांत वाढलेल्यांनी जरूर लिहा, त्यांना फार कमी विचारलं जातं. कुणाचंही नाव देऊ नका.

मुलगी, सातारा
बाबा आजारानं गेले. मी आठवीत असताना आईनं पुन्हा लग्न केलं. आजी सारखी म्हणायची, "आता त्यांना पप्पा म्हण." मी काकाच म्हणत राहिले आणि आजीला थांबवलं तेही काकांनीच. बाबांचा फोटो हॉलमध्येच राहिला. त्यांच्या श्राद्धाला केळीची पानं आणायला काका पहाटे बाजारात जायचे. बाबांचा विषय घरात बंद झाला असता, तर मी काकांशी कधीच बोलले नसते. आता कॉलेजातली भांडणंसुद्धा आधी त्यांनाच सांगते.

मुलगा, इचलकरंजी
माझे बाबा दुसऱ्या गावी असतात. सावत्र बाबांबरोबर मॅच बघितली म्हटलं की ते फोनवर गप्प व्हायचे. मग मी सांगणंच सोडलं. दहावीत सारखं पोट दुखायचं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी समुपदेशक ताईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. आता बाबाच विचारतात, "मॅच बघितलीत का?" पोटदुखी थांबली.

सावत्र वडील, डोंबिवली
मोबाइल, अभ्यास, उशिरा येणं यावर लेकीला तिची आईच बोलणार, हे आम्ही लग्नाआधीच ठरवलं. क्लासला सोडायचं काम माझं. गाडीवर मागे बसून ती जेवढं बोलते, तेवढं घरात समोरासमोर कधीच बोलत नाही. कायद्याचं म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात सावत्र वडील नैसर्गिक पालक धरले जात नाहीत, त्यामुळे पालक म्हणून सही आईचीच.

आई, नाशिक
वडील हयात नसतील तर मुलाचं आडनाव आई ठरवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. मी मुलालाच विचारलं. त्याला बाबांचंच आडनाव हवं होतं, तेच ठेवलं. ह्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही.

मुलगी
गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या सावत्र वडिलांचा स्पर्श वाईट होता. आईनं ऐकलं नाही, मावशीनं ऐकलं आणि त्याच रात्री मला घेऊन गेली. मुलगी असं काही सांगत असेल तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं.