अंदमानातली चितळं काढावीत की राहू द्यावीत?

तापीकाठ, भुसावळ
सेल्युलर जेल पाहून आपली मंडळी रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस बेट) जातात, चितळांना बिस्किटं भरवून फोटो काढतात. हा प्राणी तिथला नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडला. तिथं ना वाघ, ना बिबट्या. चितळं पोहत पोहत बेटामागून बेट व्यापत गेली. कोवळी रोपं वर येण्याआधीच खाल्ली जातात, मग जुनं झाड पडलं की त्या जागी नवं उभं राहत नाही. झुडपं विरळ झाली की सरडेही घटतात, आणि त्यातल्या काही जाती जगात दुसरीकडे नाहीतच! वंडूरला १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान केलं, प्रवाळ जपले, मग बेटांवरचं रान का नाही? चितळं काढायलाच हवीत.

सातपुडा, चोपडा
साफ चूक. शंभर वर्षं तिथंच जन्मलेल्या जनावराला परकं कसं म्हणता? आपलं यावल अभयारण्य १९६९ चं, तिथं बाहेरून येऊन माजलेलं घाणेरीचं झुडूप आधी उपटा.

तापीकाठ
घाणेरी उपटायलाच हवी. पण सातपुड्यातलं रान हरणांसोबतच वाढलंय, आणि इथं त्यांना खाणारा बिबट्या आहे. अंदमानच्या झाडांनी चरणारं हरीण कधी पाहिलंच नव्हतं. तिथलं मोठं जनावर म्हणजे रानडुक्कर.

पांझराकाठ, धुळे
भाऊ, तुन्हं खरं शे. पण काढायची म्हणजे मारायची का? त्याला माझा ठाम विरोध. मध्य प्रदेशात बोमा लावतात, अरुंद होत जाणाऱ्या आडोशातून कळप थेट गाडीत चढतो. तसं करा.

सातपुडा, चोपडा
ताई, बोमा लागतो मोकळ्या कुरणात. अंदमानात दाट सदाहरित जंगल, पुढं जहाजाचा प्रवास. चितळ इतकं भित्रं की धसक्यानंच मरतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. आणि अंदमानातल्याच इंटरव्ह्यू बेटावरच्या हत्तींचं काय? १९६२ च्या सुमारास लाकूड कंपनी बुडाली, हत्ती तिथंच सोडले, ते रानटी झाले. तेही हलवणार?

तापीकाठ
हत्तींना राहू द्या, त्यांची संख्या घटलेलीच दिसलीय. चितळांची गोष्ट वेगळी. शेजारून पोहत येता येणार नाही अशी लहान बेटं आधी निवडा, परवानगी काढून तिथून सुरुवात करा. बिस्किटं तर आजच बंद व्हावीत.

सातपुडा, चोपडा
बिस्किटांचं मान्य. बाकी एकही चितळ हलवायला माझी संमती नाही.