माळ्यावर जुनी कीटकनाशकं सापडलीत, काय करू?

माळा साफ करताना तीन डबे सापडले, एकाचं लेबल पार गळून गेलंय, दुसऱ्यावर एंडोसल्फान एवढंच वाचता येतंय आणि बुडाला गंज खाऊन काहीतरी चिकट पाझरतंय, वासानेच डोकं धरलं. खड्डा करून पुरून टाकू का?

रिप्लाय १: पुरू नका हो! एंडोसल्फान २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (लवकर नष्ट न होणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी यादीत गेलं ते उगाच नाही, लवकर नष्ट होत नाही, पावसात वाहून पाण्यात गेलं तर मासे मरतात. जाळूही नका. खास भट्टीत ११०० डिग्रीच्या आसपास जाळतात तेव्हा कुठे ते संपतं, उघड्यावर नुसता विषारी धूर.

रिप्लाय २: हातमोजे घालून गळका डबा तसाच मोठ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये उभा ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही ओतू नका, पोरं पाणी समजून पितात! सांडलेल्यावर कोरडी माती टाका. नंतर कृषी खात्याला फोन करून घातक कचरा कुठे घेतात ते विचारा.

रिप्लाय ३: बिनलेबलचा डबा उघडू नका प्लीज, आत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या (धान्यातली कीड मारायच्या) गोळ्या असतील तर नुसत्या दमट हवेनेही फॉस्फिन गॅस सुटतो, बंद खोलीत जीव जातो.