ढीगभर, खंडीभर, शेडलोड: तुमच्या कानावर पडलेलं इंग्रजी 'पुष्कळ'

शाळेत आपल्याला दोनच गोष्टी मिळाल्या. मोजता येतं ते 'मेनी', येत नाही ते 'मच'. गोंधळ झालाच तर 'ए लॉट ऑफ' लिहून मोकळं व्हायचं. बाहेर पडल्यावर कळतं की बोलताना माणसं भलतंच काहीतरी म्हणतात, आणि दर मुलखाचं वेगळं. तुमच्याकडे काय चालतं, कोणाच्या तोंडी, कोणासमोर चालत नाही, ते इथे लिहा. कोशातलं नको, ऐकलेलं हवं.

सुरुवात माझ्यापासून. मी लीड्सला असते. आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाई अत्यंत सोज्वळ, पण महिनाअखेर आली की 'अ शेडलोड ऑफ इनव्हॉइसेस' ठरलेलं. शेड म्हणजे परसातली अवजारांची खोपटी. पण ती खोपटी उभी आहे एका शिवीच्या जागी. ती शिवी बाई उच्चारत नाहीत आणि ऐकू मात्र सगळ्यांना येते. ईमेलमध्ये त्याच बाई 'अ लार्ज नंबर ऑफ' लिहितात. शेजारच्या आजींचा शब्द आणखी जुना: 'लॅशिंग्ज ऑफ कस्टर्ड'. हा खाण्यापिण्यापुरताच. कामाचे लॅशिंग्ज कधी ऐकले नाहीत.

लंडनहून
आमचे चिरंजीव नववीत. शाळेतून आले आणि म्हणाले, "बसमध्ये बेअर पीपल होते." सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. "उघडी? एवढ्या थंडीत?" नातवाने समजावलं, "आजी, बेअर म्हणजे लय." आजी सातारच्या, त्यांना लगेच पटलं. 'बेअर होमवर्क', 'बेअर मनी', सगळ्याला लागतो. मी एकदा म्हणून बघितला तर "आई, तू नको ना" असं उत्तर आलं. पस्तिशीच्या पुढे बंदी आहे बहुतेक.

मेलबर्नहून
इथे एकच: हीप्स. 'हीप्स ऑफ टाइम', 'हीप्स ऑफ रूम', आणि आभार मानायचे तर 'थँक्स हीप्स'. प्लंबरपासून डॉक्टरपर्यंत सगळे म्हणतात. आपल्या ढीगभरचा सख्खा भाऊ, त्यामुळे जिभेवर बसायला वेळ लागला नाही. ॲडलेडकडे 'हीप्स गुड'सुद्धा म्हणतात, तिथे ढीग कसला ते विचारू नये.

डेव्हिस, कॅलिफोर्नियाहून
आमच्या उत्तर कॅलिफोर्नियाची शान म्हणजे 'हेला'. हेला ट्रॅफिक, हेला पीपल, हेला कोल्ड. नामाला लावा, विशेषणाला लावा, तक्रार नाही. लॉस एंजेलिसची मुलं इथे शिकायला आली की पहिलं सत्र नाकं मुरडतात. शाळेत हेल शब्द चालत नाही म्हणून धाकटी पोरं 'हेका' म्हणतात.

पण खरी गंमत पुढे आहे. 2010 साली इथल्याच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन मोहीम काढली, की किलो, मेगा, गिगा यांच्या रांगेत एकावर 27 शून्यांसाठी 'हेला' हा अधिकृत उपसर्ग घ्यावा. तेव्हा योटापर्यंतच, म्हणजे 24 शून्यांपर्यंतच, नावं होती. हजारोंनी पाठिंबा दिला, गूगलने आपल्या कॅल्क्युलेटरात हेला घालूनही टाकला. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मात्र 2022 मध्ये त्या जागेवर 'रोना' बसवला. नियमाला धरून असेल, पण रोनात ती मजा नाही.

अटलांटाहून
मी मूळची अकोल्याची, आमच्याकडे 'गंज' म्हणतात. "लग्नाले गंज लोकं आले होते." इथे दक्षिणेत त्याला जोड सापडली: 'मेस'. पलीकडच्या घरातल्या काकूंनी जुलैत दार वाजवून पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, "आय ब्रॉट यू अ मेस ऑफ ओक्रा." पिशवीत कोवळी, काटेरी लव असलेली भेंडी, देठाला अजून चीक. मेस म्हणजे पसारा एवढंच माहीत होतं, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, घरच्या सगळ्यांना एका जेवणाला पुरेल एवढं म्हणजे मेस. नंतर वाचलं की मेस म्हणजे मुळात ताटात वाढलेलं अन्न. आपल्या होस्टेलची मेस तीच. पोरांच्या लटांबराला इथली म्हातारी माणसं 'पॅसल ऑफ किड्स' म्हणतात. भेंडी दोन वेळ पुरली, ते वेगळं.

पुण्याहून
परदेशातल्यांचं ऐकलं, आता आमचंही ऐका. इंजिनिअरिंग कॉलेजात पाऊल ठेवल्या दिवसापासून 'एन नंबर ऑफ टाइम्स'. सर म्हणतात, "एन वेळा सांगितलंय, जर्नल वेळेत द्या." मला ही जागतिक इंग्रजी वाटायची. कॉलवर एकाने लंडनच्या क्लायंटला सांगितलं, "वुई हॅव टेस्टेड इट एन नंबर ऑफ टाइम्स." पलीकडून शांतपणे प्रश्न: "अँड व्हॉट इज एन?" आमच्या टेस्टरने तितक्याच शांतपणे खरा आकडा सांगितला. तो ऐकून टेस्टिंग आणखी एक आठवडा वाढलं.

आणि अमेरिकन क्लायंटचा 'टन ऑफ वर्क'. त्यांचा टन 2000 पौंडांचा, म्हणजे साधारण 907 किलोचा. जुना ब्रिटिश टन 2240 पौंडांचा, 1016 किलोचा. एस्टिमेट देताना कुठला धरायचा हे मॅनेजरला विचारून झालंय. त्यांना विनोद कळला नाही.

डब्लिनहून
'गलोर' आमच्याकडचा. आयरिशमधल्या 'गो लोर'वरून आला. इंग्रजीत तो नेहमी नामाच्या मागे येतो, 'बार्गेन्स गलोर', कारण आयरिशमध्ये तसाच येतो. तिकडे साड्यांच्या सेलच्या जाहिरातीत दिसतो तो हाच. आणि मूळ गो लोरचे अर्थ दोन, पुष्कळही आणि पुरेसंही. आपण वाढणाऱ्याच्या हातावर हात धरून "पुष्कळ झालं" म्हणतो, अगदी तसंच.

नाशिकहून, निवृत्त गणित शिक्षक
नातू बोस्टनला. व्हिडिओ कॉलवर विचारतो, "आजोबा, झिलियन मोठा की गझिलियन?" मी म्हटलं, दोन्ही संख्या नव्हेत, नुसता आव आहे, मिलियन-बिलियनची शेपटी लावलेली. गूगॉल मात्र खरा, एकावर 100 शून्यं, आणि हे नाव एडवर्ड कास्नर या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचवलेलं. मग आपला परार्ध सांगितला: एकावर 17 शून्यं. तो म्हणाला, "ओन्ली सेव्हन्टीन?"

पुन्हा लंडनहून
काका, 'अम्प्टीन' राहिला. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मिस रोज म्हणायच्या, "आय हॅव टोल्ड यू अम्प्टीन टाइम्स." तो म्हणे सैन्यातल्या तारवाल्यांचा, मोर्समधल्या डॅशला ते 'अम्प्टी' म्हणत. चिरंजीवांना म्हणून दाखवला. त्यांनी हा मला वापरायची परवानगी दिली आहे.