मदत हवी आहे: एलिस पार्कच्या रग्बी सामन्यात हँडिकॅप (पैज लावताना बलाढ्य संघाच्या गुणांतून वजा धरायचे गुण) कसा धरायचा?

रग्बी चॅम्पियनशिपवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून कायदेशीर पैसे लावणाऱ्यांना विचारतोय. जोहान्सबर्गचं एलिस पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत किक लांब जाते, त्यामुळे मध्यरेषेजवळची पेनल्टीही टप्प्यात येते, आणि पाहुण्यांचा दम शेवटच्या २० मिनिटांत संपतो, असं गणित मांडतात. मग दक्षिण आफ्रिका -१२.५ ला मिळाली तर? म्हणजे तिने किमान १३ गुणांनी जिंकायला हवं: कन्व्हर्जनसह (ट्रायनंतरची जादा किक) एक ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) ७, वर दोन पेनल्टी किक ६. सोपं वाटतं खरं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच ०-२२ ने मागे पडलेला ऑस्ट्रेलिया ३८-२२ असा जिंकला!

उंचीचा फायदा लाइनमध्ये (बुकमेकरने ठरवलेल्या हँडिकॅपच्या आकड्यात) आधीच धरलेला असतो का? माझ्या मते असतो, आणि तो पुन्हा मोजणं हीच चूक. दुसरं, संघ जाहीर होण्याआधी लावावं की नंतर? बेंचवर (राखीव खेळाडूंत) सहा फॉरवर्ड (स्क्रममध्ये भिडणारे) आणि दोनच बॅक (मागे राहून चेंडू घेऊन पळणारे) असतील, तर दोन बॅक जखमी झाल्यावर सगळी घडी विस्कटते. हे तुम्ही किती गुणांचं धरता? निव्वळ अंदाज नको, कृपया हिशेबाची पद्धत सांगा.