मत वाया गेले की वाया घालवले गेले?

खानापूरकर: काल इथे एकाने लिहिले, "समितीला मत देणाऱ्यांनी आता पश्चात्ताप करावा, राष्ट्रीय पक्षाला दिले असते तर गल्लीतले गटार तरी झाले असते." समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, बेळगावसह मराठी सीमाभाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी. राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

2018 च्या कर्नाटक विधानसभेला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे होते. दोघांची मते मिळून 44 हजार. निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवाराला 36 हजार, म्हणजे झालेल्या मतदानाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी! मतदाराने कसला पश्चात्ताप करायचा? पहिली, दुसरी पसंती लिहायची सोय असती तर एका गटाची मते दुसऱ्याकडे वळली असती. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हे चालतेच की. विधानसभेलाच का नको?

वडगावचा विणकर: पद्धतीवर खापर फोडू नका. 2023 ला खानापुरात समितीचा एकच उमेदवार होता. मते दहा हजारांच्या आसपास, आणि भाजप 90 हजारांवर. त्यात दुसरी पसंती कुणाची मोजणार? आमच्या घरात तीन पिढ्या समितीच्या. माझ्या वडिलांनी 1 नोव्हेंबरची, कर्नाटकाच्या स्थापनादिनी निघणारी काळ्या दिनाची एकही निषेध फेरी चुकवली नाही. पण यंदा धाकट्याने सरळ विचारले, "तुमच्या नेत्यांचं आपापसात पटत नाही, मी कुणासाठी उन्हात उभा राहू?" मला उत्तर देता आले नाही.

खानापूरकर: 2018 च्या फुटीनेच लोकांचा विश्वास उडाला, म्हणून 2023 ला ती अवस्था झाली. आणि बेळगाव दक्षिण मतदारसंघात बघा, 2023 च्या त्याच निवडणुकीत समितीला 64 हजार मते. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीला 1 लाख 17 हजार, आणि भाजप-काँग्रेसमधला फरक अवघा पाच हजारांचा. एवढ्या माणसांचा संसदेत एकही प्रतिनिधी नाही.

शहापूरची लेक: प्रतिनिधी असून तरी काय झालं असतं? सासऱ्यांच्या नावचा उतारा आणायला गेले, तर अर्ज कन्नडमध्येच आणा म्हणाले. बाहेर बसलेल्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतला. त्यात नाव चुकलं, पुन्हा हेलपाटे. मराठीत कागद द्या, एवढंच मागतोय आम्ही.

येळ्ळूर वेशीवरून: जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त, तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यायची तरतूद आहे. मागायला हवे, दर वेळी लेखी.

वडगावचा विणकर: मागणार कोण? मुलं इंग्रजी शाळेत, आणि मराठी शाळा पटाअभावी बंद पडल्या की मोर्चा काढायचा. आधी घरात बघा.

शहापूरची लेक: काय बोलुलायसा? माझी दोन्ही मुलं मराठी शाळेत शिकली. वर्गखोली गळत होती तेव्हा आम्ही आयांनी वर्गणी काढून कौलं घातली. त्या दिवशी ना समितीचा कुणी आला, ना राष्ट्रीय पक्षाचा. दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायच्या आधी विचारावं तरी.

वडगावचा विणकर: ताई, तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. शब्द मागे घेतो. पण शाळांचं दुखणं खरंच आहे.

हलशीचे गुरुजी: धागा मतदानाचा होता. शिक्षक मतदारसंघात मी आकडे लिहूनच मत देतो, त्यात अवघड काही नाही. पण पसंतीच्या मताने पक्षनिष्ठा येत नाही. 2019 ला आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाक, अथणी, कागवाडच्या आमदारांनी पद सोडले, पक्ष बदलला आणि त्याच वर्षी लोकांनी त्यांना परत निवडून दिले. पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, तिच्यातून वाट निघालीच. राजीनामा देणाऱ्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत उभे राहता येऊ नये, ही सुधारणा मला जास्त महत्त्वाची वाटते.

खानापूरकर: ते मान्य. तरी 44 हजार विरुद्ध 36 हजार हे गणित मला पटत नाही, पटणारही नाही.

वडगावचा विणकर: बरं, पसंतीचं मत असू दे, माझी हरकत नाही. पण कायदा दिल्लीत बदलायचा तेव्हा बदलेल. समितीने आपला उमेदवार गावागावांत गुप्त मतदानाने ठरवावा, तिथे पहिली-दुसरी पसंती लिहायला कुणाची आडकाठी आहे?

शहापूरची लेक: त्या मतदानाला बायकांनाही बोलवा. आजवर उमेदवार ठरवायच्या एकाही बैठकीचा निरोप आमच्या गल्लीतल्या बायकांना आलेला नाही.